‘तो स्वतःच्या पायांनी गेला’ : मानवी तस्करी आणि आपली मुले



८ फेब्रुवारी हा संत जोसेफिन बखिता हिचा स्मृतिदिन. पोप फ्रान्सिस यांच्या इच्छेनुसार २०१५ पासून जगभरची ख्रिस्तसभा हा दिवस मानवी तस्करीविरुद्ध प्रार्थना व जागृतीचा दिवस म्हणून पाळते. मिस्सामध्ये त्यासाठी एक विनंती वाचली जाते, आपण प्रतिसाद देतो आणि पुढच्या विनंतीकडे वळतो. त्या एका विनंतीमागे काय दडले आहे ते या वेळी थोडे सविस्तर मांडावे असे वाटले. लेख जरा लांबला आहे. ज्यांच्या घरी सोळा-सतरापासून तिशीपर्यंतची मुले आहेत त्यांनी तो दोन बैठकांत का होईना, पण पूर्ण वाचावा आणि वाचून झाल्यावर मुलांच्या हाती द्यावा.

मानवी तस्करी म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर ठरावीक चित्र उभे राहते. काळ्या काचांची गाडी, तोंडात बोळा, बांधलेले हात. असे प्रकार घडतच नाहीत असे नाही. पण आज तरुण मुलांच्या बाबतीत जे घडते ते बहुतेक वेळा अगदी वेगळे दिसते. मुलगा स्वतः बॅग भरतो. आई बॅगेत सुकेळ्यांचा डबा ठेवते. वडील विमानतळापर्यंत सोडायला जातात, फोटो काढले जातात, आळीत पेढे वाटले जातात. म्हणूनच पुढे काही विपरीत घडले की सगळ्यांच्या तोंडी एकच वाक्य येते : “त्याला कोणी नेला नव्हता, तो स्वतःच्या पायांनी गेला.” नातेवाईक तसे म्हणतात, शेजारी तसे म्हणतात, कधी कधी पोलीस ठाण्यातही तेच ऐकावे लागते. आणि सर्वांत वाईट म्हणजे, तो मुलगाही स्वतःला तेच सांगत राहतो आणि लाजेने गप्प बसतो. हे वाक्य खरे का नाही, ते या लेखात पाहायचे आहे.

प्रथम कायदा काय म्हणतो ते पाहू. आपल्या राज्यघटनेच्या २३ व्या अनुच्छेदात यासाठी ‘माणसांचा अपव्यापार’ असा शब्द आहे. ‘तस्करी’ म्हटले की सोने, दारू, सीमा ओलांडणे असे काहीतरी मनात येते. अपव्यापाराला सीमा ओलांडावीच लागत नाही. तो एका तालुक्यातून दुसऱ्या तालुक्यात होतो, एका घरातून दुसऱ्या घरात होतो. संयुक्त राष्ट्रांनी २००० साली याविषयी करार केला, भारताने तो २०११ मध्ये मान्य केला, २०१३ मध्ये दंडसंहितेचे कलम ३७० त्यानुसार बदलले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तोच गुन्हा कलम १४३ मध्ये आहे. कायदा तीन गोष्टी तपासतो. माणसाला भरती केले, हलवले, ठेवून घेतले किंवा दुसऱ्याच्या ताब्यात दिले का? ते धाक, बळजबरी, फसवणूक, आमिष किंवा अधिकाराचा गैरवापर यांपैकी कशाच्या जोरावर केले? आणि हे सारे त्याच्या शोषणासाठी केले का? या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाली की गुन्हा सिद्ध होतो. पीडिताची संमती होती की नव्हती हा मुद्दा गौण आहे, असे कलमातच स्पष्ट लिहिले आहे. म्हणजे “तो स्वतःच्या पायांनी गेला” हा बचाव कायद्याने आधीच फेटाळलेला आहे.

आता आपल्या मुलांच्या सर्वांत जवळ येऊन ठेपलेला प्रकार पाहू. आपल्याकडे परदेशी नोकरी ही नवी गोष्ट नाही. आखातात, जहाजावर, इस्रायलला, कॅनडाला आपली माणसे पिढीदोनपिढ्या जात आहेत, आणि त्या पैशांतून घरे उभी राहिली आहेत. म्हणूनच बाहेरची ऑफर आली की आपल्याला संशय येत नाही, आनंद होतो. सप्टेंबर २०२२ मध्ये आपल्या परराष्ट्र मंत्रालयाने एक इशारा प्रसिद्ध केला. थायलंडमध्ये ‘डिजिटल सेल्स अँड मार्केटिंग एक्झिक्युटिव्ह’ अशा पदांच्या नावाखाली संगणकाचे ज्ञान असलेल्या भारतीय तरुणांना समाजमाध्यमांवरून आणि दुबईतल्या व भारतातल्या एजंटांमार्फत गाठले जाते, आणि पुढे बहुतेकांना बेकायदेशीरपणे सीमेपार म्यानमारमध्ये नेऊन कोंडून ठेवले जाते, असे त्यात म्हटले होते.

हे घडते कसे? बँकॉकच्या विमानतळावर मुलाला घ्यायला गाडी येते. ऑफिस शहरातच असेल अशी त्याची समजूत असते. गाडी मात्र सात-आठ तास चालत राहते आणि सुमारे पाचशे किलोमीटरवरच्या माए सोत या सीमेवरच्या गावी पोहोचते. तिथे मोएई नावाची नदी आहे, आपल्या खाडीपेक्षाही अरुंद. ती होडीने ओलांडली की म्यानमारमधला म्यावाडीचा परिसर लागतो, जिथे त्या देशाच्या सरकारचे फारसे चालत नाही आणि सशस्त्र टोळ्यांचे राज्य आहे. उंच भिंती, काटेरी तारा, बंदूकधारी पहारेकरी, आत वसतिगृहासारख्या इमारती. पासपोर्ट काढून घेतला जातो. मग काम कळते. इंटरनेटवर सुंदर तरुणीचे किंवा श्रीमंत व्यापाऱ्याचे खोटे खाते उघडायचे, जगात कुठेतरी बसलेल्या एकाकी माणसाशी आठवडेच्या आठवडे गोड बोलायचे आणि त्याला खोट्या गुंतवणुकीत पैसे घालायला लावायचे. त्या टोळ्या आपसांत याला ‘डुक्कर पोसून कापणे’ म्हणतात. कामाचे तास चौदा-सोळा. टार्गेट पूर्ण झाले नाही तर मार, विजेचे झटके, जेवण बंद. “मला घरी जायचे आहे” म्हटले की हजारो डॉलरचा हिशेब पुढे ठेवला जातो : तिकिटाचे एवढे, राहण्याचे एवढे, तुला आम्ही ज्याच्याकडून विकत घेतले त्याचे एवढे.

संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क कार्यालयाने ऑगस्ट २०२३ च्या अहवालात म्यानमारमध्ये किमान १,२०,००० आणि कंबोडियात सुमारे १,००,००० माणसे अशा कामाला जुंपली असावीत असा अंदाज दिला. त्यांत अनेक देशांचे लोक आहेत आणि बरेच जण चांगले शिकलेले आहेत. मार्च २०२५ मध्ये आपल्या हवाई दलाच्या विमानांनी दोन दिवसांत ५४९ भारतीयांना थायलंडमार्गे परत आणले. एप्रिल २०२५ मध्ये महाराष्ट्र पोलिसांच्या सायबर विभागाने म्यानमारमधून साठाहून अधिक भारतीयांची सुटका केल्याचे जाहीर केले. ऑक्टोबर २०२५ मध्ये ‘के के पार्क’ नावाच्या कुप्रसिद्ध वसाहतीवर म्यानमारच्या सैन्याने छापे घातले तेव्हा शेकडो भारतीय नदी ओलांडून माए सोतला पळाले, त्यांनाही नोव्हेंबरमध्ये विमाने पाठवून आणावे लागले.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. आपल्या धर्मग्रामातल्या वडीलधाऱ्यांना हल्ली असे फोन येतात : “तुमच्या नावाचे पार्सल पकडले आहे, तुम्ही डिजिटल अरेस्टमध्ये आहात.” आपण संतापतो, आणि संतापावेच. पण पलीकडून बोलणारा कधी कधी असाच एखाद्या आईचा मुलगा असू शकतो, ज्याच्या मागे काठी घेऊन कोणी उभा आहे. फोन बंद करा, १९३० या सायबर गुन्ह्यांच्या क्रमांकावर तक्रार करा, एक पैसाही देऊ नका. मात्र त्या आवाजासाठी एक प्रार्थनाही करा.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकत असताना अॅरिस्टॉटलच्या नीतिशास्त्रातला एक भाग आम्हाला फार घोटून घ्यावा लागला होता. तेव्हा तो परीक्षेपुरता वाटला. माणसाचे कृत्य त्याच्या इच्छेने झाले असे कधी म्हणावे, असा तो प्रश्न आहे. अॅरिस्टॉटल म्हणतो, दोन गोष्टी कृत्यातली इच्छा काढून घेतात : बळ आणि अज्ञान. वादळात सापडलेला खलाशी जहाजावरचा माल समुद्रात फेकतो. तो स्वतःच्या हातांनी फेकतो, पण आपला माल समुद्रात टाकावा अशी इच्छा कोणाची असते? दुसरे उदाहरण तर अंगावर काटा आणणारे आहे. एखाद्याचे आईवडील आणि मुले जुलमी राजाच्या ताब्यात आहेत, आणि राजा त्याला हलके कृत्य करायला सांगतो. त्याने ते केले तर त्याला दोष किती द्यायचा? संत थॉमस अक्वायनस यांनी हाच धागा पुढे नेला : जे माहीतच नव्हते, त्याला माणसाने होकार दिला असे म्हणता येत नाही. मुलाने होकार दिला तो बँकॉकच्या ऑफिसला. म्यावाडीच्या भिंतींना त्याने होकार दिलेलाच नाही, कारण त्या त्याला दाखवल्याच नव्हत्या.

आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९८२ साली याच विचाराला आणखी खोल नेले. दिल्लीतील आशियाई क्रीडास्पर्धांच्या बांधकामावरील मजुरांच्या खटल्यात न्यायालयाने म्हटले की बळ म्हणजे केवळ शारीरिक बळ किंवा कायद्याचा धाक नव्हे. भूक आणि दारिद्र्य यांमुळे ज्याच्यापुढे दुसरा पर्यायच उरत नाही, आणि म्हणून जो किमान वेतनाहूनही कमी मजुरीत राबतो, त्याचीही ती सक्तीची मजुरीच. मला वाटते, सेमिनरीतल्या वर्गात हा निकालही शिकवायला हवा.

आता योसेफाची गोष्ट पुन्हा वाचा. उत्पत्तीचा ३७ वा अध्याय. लहानपणापासून आपण ती ऐकतो ती रंगीत झग्याची गोष्ट म्हणून. तस्करीच्या नजरेने वाचली तर त्यातले बारकावे अस्वस्थ करतात. योसेफही स्वतःच्या पायांनीच गेला होता, वडिलांच्या सांगण्यावरून, भावांची खुशाली विचारायला. त्याला खड्ड्यात टाकल्यावर भाऊ जेवायला बसले, असे शास्त्र नोंदवते. मारण्यात फायदा काय, विकू या, असा व्यवहारी सल्ला यहूदाने दिला. चांदीची वीस नाणी ठरली. आणि मग रक्तात बुडवलेला झगा वडिलांना पाठवला गेला, म्हणजे घरच्यांची खोट्या पुराव्याने समजूत घालण्यात आली. आज झग्याच्या जागी व्हिडिओ कॉल असतो, ज्यात मुलगा हसून “सगळे ठीक आहे” म्हणतो आणि कॅमेऱ्यामागे कोण उभे आहे ते दिसत नाही. तेव्हाप्रमाणे आजही विकणारा अनेकदा ओळखीचाच निघतो. चुलतभावाचा मित्र, कॉलेजातला सीनियर, आधी तिथे गेलेला कोणी. आत अडकलेल्यांनाच कधी कधी सांगितले जाते, तुझ्या जागी दोन जण आण, तुला सोडतो.

कॅटेकिझमने माणसांच्या खरेदी-विक्रीचा विचार सातव्या आज्ञेखाली, म्हणजे चोरीच्या आज्ञेखाली केला आहे (परिच्छेद २४१४). कोणाला तो खून, अत्याचार यांच्या शेजारी हवा होता असे वाटेल. पण मला ही जागा योग्य वाटते. माणसाला वस्तू केल्याशिवाय त्याची चोरी करता येत नाही. जो देवाचा आहे त्याला कोणीतरी आपल्या मालाच्या यादीत टाकतो, हे त्या पापाचे मूळ आहे.

गेल्या पावसाळ्यात एक कुटुंब असेच एक ऑफर लेटर घेऊन माझ्याकडे आले. मुलगा बी.कॉम., वय तेवीस. काम ‘कस्टमर सपोर्ट’, पगार महिना ऐंशी हजार, राहणे-जेवणे फुकट. मुलाखत वीस मिनिटांची, मोबाइलवर, आणि तिच्यात मुख्यतः टायपिंगचा वेग व इंग्रजी पाहिले होते. पत्रावर कंपनीचा पत्ता एका देशातला, फोन दुसऱ्या देशातला, आणि तिकीट तिसऱ्या देशाचे. वर्क व्हिसाचे विचारले तर उत्तर : “आधी टुरिस्ट म्हणून या, व्हिसा इथे करून देऊ.” आम्ही बसून एजंटचा परवाना क्रमांक मागवला. तो आला नाही, उलट दोन दिवसांत निघा असा तगादा आला. मुलगा गेला नाही. आजही तो माझ्यावर थोडा नाराज आहे, कारण ते पत्र खोटे होते हे काही सिद्ध झालेले नाही. मी त्याची नाराजी आनंदाने सहन करीन.

त्या पत्रात जे काही होते तेच तुम्हीही तपासा. परदेशी नोकरीसाठी माणसे पाठवणारा एजंट १९८३ च्या एमिग्रेशन कायद्याप्रमाणे परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदलेला असावा लागतो. त्याला परवाना क्रमांक असतो, आणि तो ‘ई-मायग्रेट’ या सरकारी संकेतस्थळावर कोणालाही पाहता येतो. त्याला उमेदवाराकडून जास्तीत जास्त तीस हजार रुपये आणि त्यावरील जीएसटी एवढेच घेता येतात, तेही पावतीसह. दीड-दोन लाख रोख मागणारा माणूस परवानाधारक असला तरी कायदा मोडतोच आहे. पर्यटक म्हणून मिळालेल्या प्रवेशावर नोकरी करता येत नाही, मग तो देश कितीही सहज प्रवेश देवो. आणि शिकलेल्या मुलांच्या आईवडिलांना एक जास्तीची सूचना. आखातात जाणाऱ्या कमी शिकलेल्या गवंड्याला सरकारकडून जी ‘एमिग्रेशन क्लिअरन्स’ घ्यावी लागते, ती दहावी झालेल्याला लागत नाही. म्हणजे पदवीधराची कागदपत्रे कोणी अधिकारी तपासतच नाही. त्याची तपासणी घरातच व्हायला हवी.

जायचेच ठरले तर पासपोर्ट, व्हिसा, करारपत्र यांच्या प्रती घरी ठेवा. त्या देशातल्या भारतीय दूतावासाचा क्रमांक मुलाने पाठ करावा. मोबाइलमध्ये ठेवून उपयोग नाही, कारण मोबाइल सर्वांत आधी जातो. आणि घरच्यांशी एक साधा शब्द ठरवून ठेवावा, जो फोनवर सहज बोलण्यात आला की समजावे, काहीतरी बिघडले आहे. मुलांना हे सिनेमातले वाटेल आणि ती हसतील. हसू द्या, पण शब्द ठरवा.

आतापर्यंत आपल्या मुलांविषयी बोललो. आता थोडे कडू बोलतो, कारण अपव्यापार फक्त आपल्या घरातून बाहेर जाताना होत नाही, तो आपल्या घरात आतही येतो.

झारखंडमधल्या गुमला, सिमडेगा, खुंटी या जिल्ह्यांतून उराँव, मुंडा, खडिया समाजांच्या मुली वर्षानुवर्षे घरकामासाठी शहरांत नेल्या जातात. बहुतेक दिल्लीकडे, काही मुंबई आणि गोव्याकडेही. त्यांतल्या बऱ्याच आपल्याच श्रद्धेच्या आहेत. नेणारा कोणी गावचाच असतो, ‘प्लेसमेंट’वाला. तो मालकाकडून एकरकमी कमिशन घेतो, आणि पुष्कळदा मुलीचा पगारही तोच घेतो, “घरी पाठवतो” म्हणून. आधार कार्डावर वय अठरा असते, चेहऱ्यावर चौदा. चांगल्या, मिस्साला नेमाने येणाऱ्या घरातही अशी मुलगी असू शकते, आणि घरच्यांना मनापासून वाटत असते की आपण तिच्यावर उपकारच केले. तिला मारझोड नसेल, पोटभर जेवण असेल. तरीही काही प्रश्न विचारावेत. तिचा पगार कोणाच्या हाती पडतो? तिच्याकडे फोन आहे का, आणि आईशी बोलताना ती एकटी असते का? नाताळला तिला गावी जायचे असेल तर तिकिटाचे पैसे आणि सुट्टी मिळते का? उद्या “मला हे काम नको” म्हणाली तर दार उघडे आहे का? या शेवटच्या प्रश्नावर घरातले मोठे एकमेकांकडे पाहू लागले, तर पुढे काय करायचे ते त्यांना सांगायला नको. चौदा वर्षांखालील मुलाला घरकामाला ठेवण्यास २००६ पासूनच बंदी आहे.  

झारखंड लांब वाटत असेल तर आपल्या राज्यातले सांगतो. सप्टेंबर २०२२ मध्ये नाशिक जिल्ह्याच्या इगतपुरी तालुक्यातल्या कातकरी वस्तीतली एक दहा वर्षांची मुलगी मरण पावली. तिच्या मृत्यूमुळे उघडकीस आले की त्या भागातली कातकरी मुले तेव्हाच्या अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर, जिल्ह्यातल्या मेंढपाळांकडे राबायला दिली जात होती. किंमत : काही हजार रुपये आणि एखादी मेंढी. आमोस संदेष्ट्याने इस्राएलला दोष दिला तो गरिबाला पायतणाच्या जोडासाठी विकल्याबद्दल. मी आमोसावर प्रवचन करताना हा अतिशयोक्तीचा अलंकार आहे असे वाटू नये म्हणून आता या घटनेचा उल्लेख करतो. कातकरी वस्त्या आपल्या पालघर जिल्ह्यातही आहेत. वीटभट्टीवर, मासळीच्या कामावर, वाडीत येणाऱ्या कुटुंबांची मुले शाळेत जातात का, उचल फेडण्यासाठी पोराला कोणाकडे ठेवले आहे का, हे आपल्या डोळ्यांना दिसते. दिसल्यावर बोलायचे असते.

ज्या संत बखितेच्या नावाने हा दिवस पाळला जातो तिचीही कहाणी अशीच साध्या विनंतीने सुरू झाली. सुदानमधल्या दारफूरची ही मुलगी, जन्म १८६९ च्या सुमाराचा. गावाबाहेर दोन अनोळखी माणसांनी तिला रानाच्या कडेला राहिलेले एक बोचके आणून द्यायला सांगितले. मोठ्यांचे ऐकायचे असते म्हणून ती गेली. मग सुरा दाखवला गेला. भीतीने ती स्वतःचे नावही विसरली. ‘बखिता’ म्हणजे ‘नशीबवान’, हे नाव तिला पळवणाऱ्यांनी दिले आणि त्याच नावाने आपण आज तिला हाक मारतो. ती पुन्हा पुन्हा विकली गेली. एका मालकिणीने तिच्या अंगावर शंभराहून अधिक छेद देऊन त्यांत मीठ भरून नक्षी काढवली. शेवटी एका इटालियन वकिलाने, म्हणजे त्या देशाच्या राजप्रतिनिधीने, तिला खार्टूममध्ये विकत घेतले आणि १८८५ मध्ये ती इटलीत आली. तिथे दुसऱ्या कुटुंबाने तिला मुलीच्या सांभाळासाठी ठेवले आणि काही काळ व्हेनिसमध्ये कनोसा भगिनींकडे सोपवले, त्याच कनोसा भगिनी ज्यांच्या शाळा मुंबईत आहेत. मालकीण परत न्यायला आली तेव्हा बखिता म्हणाली, मी येणार नाही. प्रकरण न्यायालयात गेले. २९ नोव्हेंबर १८८९ रोजी निकाल लागला की इटलीचा कायदा गुलामगिरी मानतच नाही, म्हणून ती कोणाच्याही मालकीची नाही. पुढच्या जानेवारीत तिचा बाप्तिस्मा झाला. ती स्वतः कनोसा भगिनी झाली, १९४७ मध्ये वारली आणि १ ऑक्टोबर २००० रोजी संत म्हणून घोषित झाली.

मला या चरित्रात सगळ्यात मोठा वाटतो तो तिचा नकार. वीस वर्षांची होईपर्यंत तिला कोणी ‘तुला काय हवे’ असे विचारले नव्हते. ज्या मठात तिला बाप्तिस्म्याची तयारी करायला ठेवले होते, तिथल्या भगिनींनी तिचा नकार ऐकला आणि श्रीमंत मालकिणीला न घाबरता तिच्या बाजूला उभ्या राहिल्या. आज जगभरच्या धर्मभगिनींनी २००९ साली सुरू केलेले ‘तलिथा कुम’ नावाचे जाळे हेच काम करते. येशूने याईराच्या मुलीला उठवताना जे शब्द उच्चारले तेच हे नाव.

आपल्यालाही त्या भगिनींसारखे उभे राहण्याचे प्रसंग येतील. परत आलेला मुलगा तोंड लपवून घरी बसेल. त्याच्या डोक्यावर तिकिटाचे कर्ज असेल, आणि त्याने तिथे लोकांना फसवले हेही खरे असेल. त्याला “कशाला गेलास?” असे विचारणारे पुष्कळ भेटतील. तुम्ही त्याला जेवायला बोलवा. वकिलाची गरज लागेल, समुपदेशकाची लागेल. ते धर्मग्रामाने पाहायचे आहे.

मूल हरवले, निघून गेले, फोन लागत नाही, अशा वेळी “चोवीस तास वाट पाहा” असे कोणी सांगितले तर ऐकू नका. असा कोणताही नियम नाही. हरवलेल्या मुलाची तक्रार आली की पोलिसांनी लगेच गुन्हा नोंदवावा आणि अपहरण किंवा अपव्यापार झाला असे गृहीत धरून तपास करावा, असा सर्वोच्च न्यायालयाचा मे २०१३ चा आदेश आहे. तक्रार कोणत्याही ठाण्यात देता येते. हद्दीचे कारण सांगितले तर ‘झिरो एफआयआर’ हा शब्द उच्चारा. मुलीला इंटरनेटवर भेटलेल्या ‘मित्राने’ फोटो मागितले, भेटायला बोलावले, कुणाला सांगू नकोस म्हटले, तर तेही याच वाटेवरचे पहिले पाऊल असू शकते. तिला रागावण्याआधी ती सांगायला आली याबद्दल शाबासकी द्या, नाहीतर पुढच्या वेळी ती येणार नाही.

हे क्रमांक फ्रिजवर चिकटवा. मुलांसाठी १०९८, महिलांसाठी १८१, तातडीची मदत ११२, सायबर फसवणूक १९३०, आणि परदेशात जाणाऱ्या किंवा अडकलेल्या भारतीयांसाठी प्रवासी भारतीय सहायता केंद्र १८००-११-३०९०.

येत्या चार रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर युवा संघाची मुले लॅपटॉप घेऊन पॅरिश ऑफिसमध्ये बसणार आहेत. ज्यांच्या घरी परदेशी नोकरीचे पत्र आले असेल त्यांनी ते घेऊन यावे. परवाना क्रमांक तिथल्या तिथे तपासून मिळेल. पत्र कोणाचे ते बाहेर जाणार नाही. ज्यांच्याकडे कामाला बाहेरगावची मुलगी आहे आणि हा लेख वाचून ज्यांना काही विचारावेसे वाटते, त्यांनी मला कधीही भेटावे, संध्याकाळी सातनंतर मी असतोच.

तुमचा,
फादर